‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’: बुडालेल्या रक्षक नौकेचे कागद

अमेरिकी नौदलाच्या दफ्तरात 20 नोव्हेंबर 1944 या तारखेचा एक अहवाल आहे. लिहिणारे लेफ्टनंट कमांडर रॉबर्ट डब्ल्यू. कोपलंड. फिलिपिन्समधल्या सामार बेटाच्या पूर्वेला 25 ऑक्टोबरच्या सकाळी झालेली चकमक आणि त्या चकमकीत बुडालेली त्यांची नौका, या दोन्हींचा हिशेब त्यांनी एकाच अहवालात दिला आहे. नौकेचे नाव ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’, क्रमांक डीई-413. ताफ्याची राखण करायला बांधलेली ही छोटी युद्धनौका कामावर रुजू होऊन सहा महिनेही पुरे झाले नव्हते.

हा अहवाल वाचताना एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी लागते. लिहिणाऱ्याच्या हाताशी त्या दिवसाचा एकही मूळ कागद नव्हता. अमेरिकी युद्धनौकेची दैनंदिन नोंदवही महिना संपला की वॉशिंग्टनला रवाना होत असे, आणि ऑक्टोबर अजून संपायचा होता. त्या महिन्याची पाने नौकेबरोबर तळाला गेली. सांकेतिक पुस्तके आणि गुप्त उपकरणे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून नौका सोडण्यापूर्वी नष्ट करायची असतात, तीही गेली. उरली ती कप्तानाची आणि वाचलेल्या लोकांची आठवण. समोरच्या बाजूची स्थिती याहून वाईट. रॉबर्ट्सवर शेवटचा घाव घालणारी जपानी युद्धनौका ‘कोंगो’ कोपलंड यांच्या अहवालावरच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी, 21 नोव्हेंबरला, फोर्मोसाच्या सामुद्रधुनीत ‘सीलायन’ या अमेरिकी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. कप्तान गेला आणि त्याच्याबरोबर हजाराहून अधिक माणसे गेली.

तरीही या लढाईबद्दल पुष्कळ काही खात्रीने सांगता येते. शेजारच्या अमेरिकी नौकांचे अहवाल आहेत. त्यांच्या दलाचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल क्लिफ्टन स्प्रेग यांचा अहवाल आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या हाती आलेले जपानी नौकांचे तपशीलवार युद्धवृत्तांत आहेत. ऑक्टोबर 1945 मध्ये टोकियोत व्हाइस अ‍ॅडमिरल कुरिता ताकेओ यांची घेतलेली जबानी आहे. आणि अलीकडच्या काही वर्षांत समुद्राचा तळही साक्षीला आला आहे. हे सारे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की कोपलंड यांच्या अहवालाबद्दल माझे एक मत ठाम होते. आपल्या नौकेवर काय घडले ते सांगताना हा माणूस जवळजवळ कुठेच चुकत नाही. शत्रूच्या नौकेवर काय घडले ते सांगताना मात्र त्याच्या डोळ्यांची मर्यादा दिसते. या दोन प्रकारच्या विधानांना सारखेच वजन दिल्यामुळे रॉबर्ट्सच्या कथेत पुढे काही गोष्टी घुसल्या, आणि त्या आजही पुस्तकापुस्तकांतून उतरवल्या जातात.

अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी मालवाहू जहाजांचा सपाटा चालवला, तेव्हा ताफ्यांच्या राखणीसाठी शेकडो नौका हव्या होत्या. पूर्ण विनाशिका बांधायला वेळ लागे, पैसाही लागे. म्हणून तिच्याहून लहान, हळू आणि स्वस्त नौका मोठ्या संख्येने बांधायचे ठरले. रॉबर्ट्स त्यांपैकी ‘जॉन सी. बटलर’ वर्गातली. टेक्सासमधल्या ह्यूस्टन इथल्या ब्राउन कंपनीच्या गोदीत 6 डिसेंबर 1943 ला तिचा कणा बसवला, 20 जानेवारी 1944 ला ती पाण्यात उतरली आणि 28 एप्रिलला नौदलात दाखल झाली. गोदीत कण्यापासून पाण्यापर्यंत फक्त साडेसहा आठवडे. युद्धकाळातल्या अमेरिकी कारखानदारीची घाई आणि ताकद दोन्ही या तारखांत दिसतात. लांबी 306 फूट, वजन सुमारे 1,350 टन. पाच इंची दोन तोफा, एक पुढे, एक मागे. तीन नळ्यांचा एकच पाणतीर-संच. बाकी विमानविरोधी तोफा आणि पाणबुडीविरोधी स्फोटके. आखलेला वेग 24 नॉट. तिचे काम पाणबुडीचा माग काढायचे आणि विमाने हाकलायचे होते. युद्धनौकांच्या रांगेसमोर उभे राहायचे काम तिच्या आराखड्यात कुठेच नव्हते.

ज्याच्या नावाने ती ओळखली गेली तो सॅम्युएल बुकर रॉबर्ट्स हा नौदलातला साधा कॉक्सवेन, म्हणजे उतरणीच्या बोटीचा चालक. सप्टेंबर 1942 मध्ये ग्वाडलकनाल इथे अडकलेल्या मरीन सैनिकांना काढून आणण्याच्या कामगिरीत त्याने शत्रूचा मारा आपल्या बोटीवर ओढून घेतला आणि त्यात तो गेला. त्याला मरणोत्तर नेव्ही क्रॉस मिळाला.

कोपलंड हे पेशाने सैनिक नव्हते. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावचे वकील, राखीव दलातले अधिकारी, वय 34. याआधी त्यांनी याच जातीच्या दुसऱ्या एका नौकेची कमान सांभाळली होती. त्यांचा अहवाल वाचताना वकिली सवय जाणवते. काय पाहिले, काय ऐकले आणि काय अनुमान केले, हे ते बहुतेक ठिकाणी वेगळे ठेवतात.

लढाईपूर्वीचा प्रवास अधिकृत नोंदींत थोडक्यात आला आहे. बर्म्युडाजवळ सराव, बोस्टनच्या गोदीत डागडुजी, मग 7 जुलैला नॉरफोकच्या वाटेवर निघताच एका देवमाशाला धडक आणि उजव्या पंख्याची दुरुस्ती. 27 जुलैला पनामा कालवा, 10 ऑगस्टला पर्ल हार्बर. तिथून एनिवेटॉकपर्यंत ताफ्याची राखण करत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. सप्टेंबरअखेर ती दुसऱ्यांदा एनिवेटॉकला पोहोचली, मग मानुस बेट, आणि तिथून लेते बेटावरच्या मोहिमेसाठी सामारपुढच्या समुद्रात. राखणीच्या कामात काही घडले नाही तर काम नीट झाले असे समजायचे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रॉबर्ट्सचे काम नीटच चालले होते.

ती ज्या दलात होती त्याचे कागदोपत्री नाव टास्क युनिट 77.4.3, बिनतारीवरचे नाव ‘टॅफी 3’. सहा छोट्या विमानवाहू नौका: फॅनशॉ बे, सेंट लो, व्हाइट प्लेन्स, कालिनिन बे, किटकुन बे आणि गॅम्बियर बे. त्यांच्याभोवती जॉन्स्टन, होएल आणि हीरमन या तीन विनाशिका, आणि रॉबर्ट्स, डेनिस, रेमंड आणि जॉन सी. बटलर या चार छोट्या रक्षक नौका. लेतेवर उतरलेल्या सैन्याला विमानांचा आधार देणे हे दलाचे काम. उत्तरेकडची सान बर्नार्डिनो सामुद्रधुनी अ‍ॅडमिरल हॉल्सी यांचा बलाढ्य ताफा राखतो आहे, असा या सर्वांचा समज होता. हॉल्सी आदल्या रात्री जपानी विमानवाहू नौकांच्या मागे उत्तरेला गेले होते आणि सामुद्रधुनी उघडी पडली होती. त्या निर्णयावर पुढे इतके लिहिले गेले आहे की इथे त्यात शिरायचे कारण नाही.

त्या उघड्या दारातून कुरिता यांचा ताफा आला. त्यात यामातो, नागातो, कोंगो आणि हारुना या चार युद्धनौका, सहा जड क्रूझर, दोन हलक्या क्रूझर आणि अकरा विनाशिका होत्या. प्रमाण कळावे म्हणून एकच आकडा देतो. यामातोवरच्या तीन मुख्य तोफमंचांपैकी एकाचेच वजन सुमारे 2,500 टन होते, म्हणजे संपूर्ण रॉबर्ट्सपेक्षा कितीतरी जास्त.

सकाळी 6 वाजून 58 मिनिटांनी जपानी तोफांना सुरुवात झाली. गोळा कोणाचा हे ओळखता यावे म्हणून जपानी नौका गोळ्यांत रंग भरत. त्यामुळे अमेरिकी अहवालांमध्ये नौकांभोवती उसळलेले रंगीत पाण्याचे खांब येतात. स्प्रेग यांनी विमाने उडवायला सांगितले, धूर सोडायला सांगितले आणि दल पावसाच्या सरीकडे वळवले. सव्वासातच्या सुमारास त्यांनी विनाशिकांना पाणतीरांचा हल्ला करण्याचा हुकूम दिला. जॉन्स्टनचे कमांडर अर्नेस्ट इव्हान्स हुकमाची वाट न पाहता आधीच निघाले होते.

बिनतारीवरच्या बोलीत विनाशिका म्हणजे ‘लांडगे’ आणि रक्षक नौका म्हणजे ‘छोटे लांडगे’. पहिला हल्ला लांडग्यांचा, दुसरा छोट्या लांडग्यांचा, असा हुकमाचा अर्थ होता. कोपलंड यांनी विचारणा केली. उत्तर आले की छोट्या लांडग्यांनी दुसऱ्या हल्ल्यासाठी जुळवाजुळव करावी. पण बाकीच्या तीन रक्षक नौका पांगलेल्या होत्या, धूर दाट होता, आणि असल्या हल्ल्याचा या नौकांनी एकत्र सराव कधी केलेला नव्हता. रॉबर्ट्स होएल आणि हीरमनच्या मागोमाग पहिल्याच हल्ल्यात गेली. हे हुकमाविरुद्ध होते का? मला तसे वाटत नाही. हल्ला करायचाच होता. वाट पाहिली असती तर दुसरा हल्ला करायला रॉबर्ट्स उरेल याची खात्री कोणालाही देता आली नसती. कोपलंड यांनी हुकमाचा क्रम मोडला, हेतू पाळला.

निघण्यापूर्वी त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सर्व माणसांना परिस्थिती सांगितली. अहवालात या निवेदनाचा सारांश आहे. लढत अतिशय विषम आहे, तीतून वाचण्याची अपेक्षा धरता येणार नाही, तोवर शत्रूचे जेवढे नुकसान करता येईल तेवढे आपण करू, असा त्याचा आशय. पुढच्या वाक्यात ते म्हणतात की हे माहीत असूनही माणसांनी आपापल्या जागा इतक्या शांतपणे आणि कसोशीने सांभाळल्या की अशा माणसांचे नेतृत्व करण्याहून मोठा मान कल्पनेत येत नाही. हे निवेदन आठवणीतून लिहिलेले आहे आणि अहवाल वरिष्ठांसाठी आहे, म्हणून प्रत्येक शब्द जसाच्या तसा उच्चारला गेला असे धरू नये. पण आशयावर शंका घ्यायला जागा नाही. वाचलेल्या अनेकांनी पुढे स्वतंत्रपणे तेच सांगितले. अहवालातल्या त्या वाक्याला पुढे स्वतःचे आयुष्यही लाभले. हेच नाव धारण करणारी तिसरी नौका, एफएफजी-58, 14 एप्रिल 1988 रोजी इराणच्या आखातात सुरुंगावर आदळली. तिचा कणा मोडला, यंत्रखोलीत पाणी भरले. नौका सोडायची इच्छा नाही असे कळवताना कमांडर पॉल रिन यांनी आपल्या संदेशाच्या शेवटी कोपलंड यांच्याच त्या शब्दांचा आधार घेतला. 1944 च्या खलाशांच्या नावांची पाटी त्या नौकेवर बसवलेली होती आणि येताजाता खलाशी तिला हात लावत होते, असे रिन यांच्या लोकांनी सांगितले आहे. ती नौका वाचली, माणूस एकही गेला नाही.

आता पाणतीरांचा प्रश्न.

अहवाल सांगतो की धुराच्या आडून रॉबर्ट्स एका जड क्रूझरच्या जवळ सुमारे 4,000 यार्डांपर्यंत, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या थोडे पुढे, जाऊन पोहोचली. आठच्या सुमाराला तिने आपले तीनही पाणतीर सोडले आणि त्यांपैकी एक लागला. पुढच्या लेखकांनी ती क्रूझर ‘चोकाई’ होती असे ठरवले आणि तिची पिछाडी पाणतीराने उडाली असे लिहिले. इतक्या जवळ जाऊनही रॉबर्ट्सला काही झाले नाही, कारण चोकाईच्या तोफा तितक्या खाली वाकेनात, असेही वाचायला मिळते.

तोफा न वाकल्याची गोष्ट आधी बाजूला काढू, कारण ती गणिताला टिकत नाही. साडेतीन किलोमीटरवर गोळा टाकायचा तर तोफेचे तोंड क्षितिजाच्या वरच ठेवावे लागते, खाली वाकवण्याचा प्रश्नच येत नाही. रॉबर्ट्स तिथवर सुखरूप गेली ती धूर, पाऊस आणि शत्रूचे लक्ष मोठ्या विनाशिकांकडे असल्यामुळे. एवढे कारण पुरेसे आहे.

पाणतीर लागल्याचा दावा मात्र अहवालातच आहे, म्हणून तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. कोपलंड यांना पाण्याचा आणि धुराचा लोट दिसला असणार यात मला शंका नाही. पण त्या सकाळी त्या पाण्यात पाच-सहा प्रकारच्या तोफांचे गोळे पडत होते, वरून विमानांचे बाँब येत होते, आणि धावत्या नौकेच्या पुलावरून धुरातून दिसलेला लोट कशाचा हे ठरवणे अवघड होते. दुसरे, चोकाई आठनंतरही जवळजवळ तासभर इतर क्रूझरांच्या बरोबरीने दक्षिणेकडे धावत होती आणि तोफा डागत होती. तिला मोठा फटका बसला तो नऊच्या आसपास. पिछाडीला पाणतीर लागलेली क्रूझर अशी तासभर रांगेत राहत नाही.

सर्वांत नेमका साक्षीदार म्हणजे चोकाईची स्वतःची माणसे. त्यांच्यातले जे वाचले त्यांना ‘फुजिनामी’ या विनाशिकेने उचलले आणि निकामी झालेली चोकाई बुडवून टाकली. 27 ऑक्टोबरला अमेरिकी विमानांनी फुजिनामी बुडवली. तिच्यावरचे कोणीही वाचले नाही. चोकाईचा एकही माणूस सांगायला उरला नाही, तिचा युद्धवृत्तांत कधी लिहिलाच गेला नाही.

विलक्षण गोष्ट अशी की रॉबर्ट्सने पुढे जिच्याशी तोफांची झुंज घेतली असे मानतात त्या ‘चिकुमा’ क्रूझरचेही असेच झाले. विमानातून टाकलेल्या पाणतीराने ती लुळी पडली, तिची माणसे ‘नोवाकी’ या विनाशिकेने घेतली, आणि त्याच रात्री मध्यरात्रीनंतर अमेरिकी नौकांनी नोवाकी गाठून बुडवली. चिकुमाचा एकच खलाशी वाचल्याचे सांगतात. रॉबर्ट्सने शत्रूचे काय नुकसान केले याबद्दलची जपानी बाजू अशी एकदा बुडून वाचली आणि दोन दिवसांत दुसऱ्यांदा बुडाली. इतिहासाच्या दृष्टीने ही पोकळी आहे, आणि पोकळीत दंतकथा भराभर वाढते. चिकुमाचा तिसरा तोफमंच बंद पाडला, तिच्या पुलाला आग लावली, हे तपशील अमेरिकी बाजूनेच आलेले आहेत. ते खरे असू शकतील. ताडून पाहायला दुसरी बाजू नाही, एवढे लक्षात ठेवून ते वाचावेत.

तोफांच्या झुंजीत रॉबर्ट्सच्या बाजूने काय झाले ते मात्र तपशिलात सापडते. यंत्रखोलीतल्या लोकांनी बॉयलरमधला वाफेचा दाब चौरस इंचाला 440 पौंडांवरून 660 पौंडांपर्यंत नेला, आणि 24 नॉटसाठी बांधलेली नौका 28.7 नॉटने धावली, असे सांगितले जाते. दशांशापर्यंतचा हा आकडा पंख्याच्या दांड्याच्या फेऱ्यांवरून काढलेला असणार, म्हणून मी त्याला ‘अठ्ठावीसच्या वर’ एवढाच अर्थ देतो. सुरक्षेच्या मर्यादेपलीकडे वाफ चढवून ती माणसे खाली, झडप बंद केलेल्या खोलीत, जवळजवळ तासभर उभी होती.

दोन तोफांनी मिळून 608 गोळे डागले. पोलाद भेदणारे संपले तेव्हा विमानांवर डागायचे, तेही सरले तेव्हा रात्री उजेड पाडायचे तारागोळे. त्यांपैकी 324 गोळे एकट्या मागच्या तोफेचे, सुमारे 35 मिनिटांत. म्हणजे दर साडेसहा सेकंदांना एक. प्रत्येक गोळा सुमारे साडेचोवीस किलोचा, आणि त्याच्यामागे दारूची नळी वेगळी भरायची. त्या तोफेचा प्रमुख होता पॉल हेन्री कार, ओक्लाहोमामधल्या चेकोटा गावचा तरुण गनर्स मेट. त्याच्या कोठीत 325 गोळे होते.

कारची हकीकत अहवालात आहे आणि त्याच्या मरणोत्तर सिल्व्हर स्टारच्या मानपत्रातही आहे. दोन्ही एकमेकांशी जुळतात. गोळा सुटला की तोफेच्या नळीत पेटती वाफ उरते. दाबाच्या हवेने ती बाहेर फुंकून टाकतात आणि मग पुढचा गोळा भरतात. नौकेवरची वीज आणि हवा गेली तेव्हा ही फुंकणीही बंद पडली. नळी तापून लाल झालेली. अशा वेळी दारू भरली तर झडप लागण्याआधीच ती पेटू शकते, हे तोफेवरच्या प्रत्येक माणसाला शिकवलेले असते. त्या माणसांनी हाताने भरून, हाताने नेम धरून सहा गोळे डागले. सातव्या वेळी दारू आतच पेटली. तोफमंचातली जवळजवळ सगळी माणसे जागीच गेली किंवा थोड्या वेळात गेली. मदतीला आत शिरलेल्या सहकाऱ्याला कार दिसला तो पोटापर्यंत फाटलेला, हातात शेवटचा गोळा धरलेला, आणि तो भरायला मदत करा असे विनवत होता. सहकाऱ्याने गोळा काढून घेतला, दुसऱ्या जखमीला बाहेर नेले, परत आला तर कार पुन्हा तोच गोळा उचलू पाहत होता. थोड्याच वेळात तो गेला.

अहवालातला हा भाग मी अनेकदा वाचला आहे, आणि त्यात एकही विशेषण वाढवावेसे वाटत नाही. कोपलंड यांना आपल्या लोकांबद्दल किती वाटत होते ते त्यांनी काय लिहिले यापेक्षा किती नेमकेपणाने लिहिले यात दिसते. फुंकणीची हवा कधी गेली, त्यानंतर गोळे किती, कोणत्या गोळ्याला स्फोट झाला, हे त्यांनी वाचलेल्यांना विचारून विचारून जुळवलेले आहे.

8 वाजून 51 मिनिटांपर्यंत रॉबर्ट्सला एकही गोळा लागला नव्हता. त्याआधी क्षणभर समोर येणारा मारा चुकवण्यासाठी कोपलंड यांनी यंत्रे पूर्ण वेगाने उलटी फिरवायला सांगितली. नौका थरथरत थांबली, गोळे पुढे पाण्यात पडले, पण थांबलेली नौका सोपे लक्ष्य झाली आणि पुढचा मारा अंगावर आला. पुढची बॉयलरखोली गेली, वाफेची नळी फुटली, तिथली माणसे वाफेने भाजून गेली. वेग गेल्यावर वाचण्याचा मार्ग उरला नाही. नऊच्या सुमाराला कोंगोचे 14 इंची गोळे पिछाडीजवळ डाव्या बाजूला लागले. अहवालानुसार भगदाड सुमारे 40 फूट लांब आणि 10 फूट उंच होते. मागची यंत्रखोली नाहीशी झाली, इंधन पेटले. 9 वाजून 35 मिनिटांनी नौका सोडण्याचा हुकूम झाला, 10 वाजून 5 मिनिटांनी ती पिछाडीकडून बुडाली.

त्याआधीच, 9 वाजून 11 मिनिटांनी, कुरिता यांनी आपल्या नौकांना उत्तरेकडे गोळा होण्याचा आदेश दिला होता. रॉबर्ट्सचे लोक पाण्यात उतरत होते तेव्हा शत्रू माघारी वळलेला होता. कुरिता का वळले याची उत्तरे त्यांनी 1945 च्या जबानीत दिली, नंतरही वेगवेगळी दिली. दोन दिवसांपूर्वी त्यांची ध्वजनौका बुडाली होती आणि ते पाण्यातून बाहेर काढले गेले होते, तीन दिवस त्यांना झोप नव्हती. जपानी संदेशांत समोरच्या छोट्या विमानवाहू नौका मोठ्या ताफ्याच्या नौका म्हणून नोंदल्या गेल्या आणि क्रूझर बुडवल्याचेही कळवले गेले. त्या पाण्यात अमेरिकेची एकही क्रूझर नव्हती. विनाशिका आणि रक्षक नौका ज्या अंतरावर येऊन लढल्या, त्यामुळे हा गैरसमज पक्का झाला असावा. मात्र कुरिता यांच्या वळण्याचे श्रेय एखाद्या एकाच नौकेला देणारे लेखन कागदांत बसत नाही. विमाने, धूर, तीन विनाशिका आणि चार रक्षक नौका यांनी मिळून दोन तास विकत घेतले, त्या किमतीत होएल, जॉन्स्टन, गॅम्बियर बे आणि रॉबर्ट्स गेल्या.

पाण्यातल्या लोकांचा शोध लागायला सुमारे 50 तास लागले. एका विमानाने कळवलेले ठिकाण चुकीचे होते, आणि शोधणारी जहाजे भलत्याच पाण्यात फिरली. अखेर सान पेद्रोच्या उपसागरातून निघालेल्या दोन गस्तीनौका आणि पाच उतरणीच्या नौकांनी 27 तारखेला तराफे गाठले. तेलाने माखलेली, तहानेने भ्रमिष्ट झालेली माणसे. काही जणांना शार्कने ओढून नेले होते. सुमारे 120 जण वाचले. मृतांचा आकडा कुठे 89, तर कुठे 90 असा येतो. पाण्यात गेलेल्यांची मोजदाद करताना असा एकाचा फरक पडणे समजण्यासारखे आहे, पण त्या एका माणसाच्या घरच्यांसाठी हा आकड्याचा प्रश्न नव्हता.

कागदांना जे सांगता येत नव्हते त्यातले काही समुद्रतळाने सांगितले. मे 2019 मध्ये ‘पेट्रेल’ या संशोधन नौकेला पाच हजार मीटरहून खोल पाण्यात चोकाई सापडली. व्हाइट प्लेन्सच्या तोफेने तिच्या डेकवरचे पाणतीर पेटले आणि त्याने ती गेली, असे अनेक वर्षे छापले जात होते. तिच्या पाणतीर-नळ्या जागेवर शाबूत निघाल्या, आणि तो मजकूर तिथेच संपला. जून 2022 मध्ये व्हिक्टर व्हेस्कोवो यांच्या पाणबुडीने सामारपुढे सुमारे 6,900 मीटर खोलीवर रॉबर्ट्स शोधली. तोवर सापडलेल्या कोणत्याही बुडीत नौकेपेक्षा खोल. ओळख पटली ती तीन नळ्यांच्या पाणतीर-संचावरून, कारण त्या जागी बुडालेल्या नौकांत तसा संच फक्त तिच्यावर होता. नाळ आपटून चेपलेली, डोलकाठी पडलेली, आणि पिछाडी बाकीच्या सांगाड्यापासून काही मीटर तुटून बाजूला पडलेली. कोपलंड यांनी भगदाड जिथे सांगितले होते, नौका तिथल्याच भागात दुबळी झाली होती.

कोंगोच्या गोळ्यांबद्दलचा अहवालातला परिच्छेद म्हणून आता प्रमाण मानायला हरकत नाही. आठ वाजताच्या पाणतीराबद्दलचा परिच्छेद मी तरी ‘सिद्ध नाही’ अशा शेऱ्यासह वाचतो. जपानी बाजूचा नवा कागद किंवा चोकाईच्या पिछाडीचे बारकाईचे परीक्षण समोर येईपर्यंत तो शेरा बदलण्याचे कारण मला दिसत नाही.